सुबाभळीला गाऱ्हाणं

सकाळी साडेसहाला चाळीच्या सामाईक संडासाच्या रांगेत बादली खाली ठेवून, हात जोडून, डोळे मिटून रोमन देवतेला नमस्कार करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. त्याच्या मागे बादली घेऊन मी उभा होतो. प्राचीन रोममध्ये गटारांची एक स्वतंत्र देवी होती, क्लोआकिना नावाची. ज्यांनी गटाराला देवी दिली त्यांच्याकडून लालबागने काहीतरी शिकायला हवं, असं सरांचं म्हणणं. "आपल्याकडे तेहतीस कोटी आहेत म्हणतात," ते रांगेकडे वळून सांगायचे, "आणि ह्या खात्याला एकही नाही. कर रे नमस्कार." मी करायचो. वाद घालण्याची ती वेळ नव्हे.

सर म्हणजे माझे कॉलेजातले बॉटनीचे सर. मी बॉटनीत दोनदा नापास झालो आणि दोन्ही वेळा पेपर त्यांनीच तपासला होता. पुढे नोकरी लागली, राहायला जागा मिळेना, तेव्हा कुणीतरी सांगितलं की लालबागला एका निवृत्त प्रोफेसरांचा पोटमाळा रिकामा आहे. दार उघडल्यावर त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्या हातातल्या डब्यातल्या जास्वंदीच्या रोपाकडे बघून म्हणाले, "हिचं गाव कुठलं?" मी म्हटलं, "दादरच्या नर्सरीतून घेतली." ते म्हणाले, "आत्ता ओळखलं तुला."

मुंबईत माणसं एकमेकांना गाव कुठलं विचारतात. सर झाडांना विचारायचे. रस्त्यातला गुलमोहर दिसला की मान वर करून, "मादागास्कर. बरं चाललंय ना?" शिवडीकडे जाताना भिंतीच्या कडेने घाणेरी माजलेली दिसली की मात्र चौकशी बंद आणि शिव्या सुरू. कुणा साहेबाने बागेत शोभेला आणली, पक्ष्यांनी तिची फळं खाल्ली, आणि आता अर्ध्या सह्याद्रीत दुसऱ्या कुणाला पाय ठेवायला जागा नाही. एकदा जेवताना मी त्यांना कोंडीत पकडलं. "सर, ह्या आमटीतली मिरची? तीही अमेरिकेचीच ना? आणि काजू? बटाटा?"

"मिरची पाहुणी म्हणून आली आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात कामाला लागली," ते म्हणाले. "घाणेरी आली ती घरच बळकावून बसली. फरक कळतो? वाढ अजून एक बटाटा."

ह्या त्यांच्या बोलण्यामुळे एक घोटाळाही झाला. बाहेरून आलेल्यांनी आमची जागा कशी गिळली, हे ते गॅलरीत उभं राहून तावातावाने सांगत असताना खालून जाणाऱ्या एका कार्यकर्त्याने ऐकलं. त्याला वाटलं, आपल्याला वक्ता मिळाला. तो शाल घेऊनच वर आला. रविवारी मैदानावर सभा, सरांनी परप्रांतीयांवर बोलायचं. सर बोलले, पण गाजरगवतावर. पाऊण तास. लोक टाळ्या वाजवायची जागा शोधत होते. शेवटी कार्यकर्ता कानाशी लागला, "सर, माणसांवर या की." त्यावर सर माईकवरच म्हणाले, "माणसांना पाय असतात, गाढवा. ती चालणारच. ज्यांना पाय नाहीत त्यांना बोटीत घालून कोणी आणलं ते विचार." शाल परत मागायला दुसऱ्या दिवशी माणूस आला होता. सरांनी ती कंपोस्टच्या पिंपावर घातली होती. खताचाही एक रोमन देव असतो आणि त्याला थंडी वाजू नये, असं कारण त्यांनी दिलं.

आता हा रोम आला कुठून? तर फणसवाडीतल्या एका रद्दीवाल्याकडून. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सर कॉलेजच्या जुन्या उत्तरपत्रिका विकायला गेले आणि रोमन धर्मावरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्याची पहिली चाळीस पानं उंदरांनी खाल्ली होती, त्यामुळे रोमची स्थापना कशी झाली हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रारही नव्हती. त्यांना आवडायची ती रोमनांची कारकुनी. देवाशी व्यवहार कसा, तर अर्ज, विषय, संदर्भ, सही. परदेशी देव शहरात आणायचा तर सिनेटचा ठराव लागायचा. "देवाला परमिट होतं," सर म्हणायचे, "आणि आपण झाडांना विचारलंसुद्धा नाही." ह्यात श्रद्धेचा भाग शून्य. सर गणपतीलाही नमस्कार करत नसत, आणि लालबागमध्ये राहून गणपतीला नमस्कार न करणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

चाळीच्या पाठीमागे, बंद गिरणीच्या भिंतीपर्यंत, एक लांबट पट्टा होता. एके काळी तिथे चाळ कचरा फेकायची. सरांनी तो साफ करून रान केलं होतं. करंज, भोकर, उंडी, कुडा. आणि अगदी मधोमध सुरंगी. बी गावाहून आणून लावलेली, बारा वर्षांची, आणि उंची माझ्या खांद्याएवढी, कारण तिच्या डोक्यावर, गिरणीच्या भिंतीला चिकटून, एक मोठी सुबाभूळ उभी होती. मेक्सिकोची. ती वर ऊन खायची आणि खाली शेंगा टाकायची. पावसाळा झाला की तिची हजारो पोरं रानभर उगवत आणि सर रोज सकाळी वाकून ती उपटत. मी मदत करायला लागलो. पहिल्याच आठवड्यात चाळीस सुबाभळी उपटल्या. त्यातले अकरा आवळे होते.

"पानं सारखीच दिसतात हो," मी म्हटलं.

"मी पेपर तपासताना हेच म्हणालो होतो का?" सर म्हणाले.

सुरंगीचं काय ते मला एकदा त्यांनी सांगितलं, तेही माझ्याकडे पाठ करून. त्यांची आई गिरणीत कामाला होती. गावाहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी तिची बहीण सुरंगीची वेणी पाठवायची. ती मुंबईला पोचेपर्यंत सुकून तपकिरी व्हायची, पण वास तसाच. आई ती उशाशी ठेवायची. "मी ते झाड फुललेलं कधी बघितलं नाही," सर म्हणाले. "आम्ही गावी जायचो मे महिन्यात. सुरंगी फुलते शिमग्याच्या आधी. तेव्हा मी शाळेत, मग कॉलेजात, मग कॉलेजात शिकवायला. मार्च म्हणजे परीक्षा. बहात्तर वर्षं झाली."

"मग आता जाऊन या की गावी. आता कुठे परीक्षा आहे?"

"आता माझी इथे आहे," ते म्हणाले आणि उपटायला लागले.

म्हणजे सुबाभूळ पडल्याशिवाय सुरंगीला ऊन नाही, आणि उन्हाशिवाय फूल नाही. त्या वर्षी पालिकेकडून झाड तोडायची रीतसर परवानगी आली. मुदत एक महिना. तोडणारी माणसं पुढच्या सोमवारी येणार होती. त्यांना नेमकं झाड कळावं म्हणून खूण करायची होती आणि सरांनी हे काम माझ्यावर सोपवलं. एवढीच एक चूक त्यांची. बाकीच्या सगळ्या माझ्या.

"चुन्याने फुली मार," ते म्हणाले होते. चुना आणायला जायचा मला कंटाळा आला. जिन्याखाली मंडपाच्या कामातून उरलेला ऑइलपेंटचा अर्धा डबा होता. रंग शेंदरी. मी विचार केला, चुन्यापेक्षा हा लांबून दिसेल. फुली मारायला गेलो तर रंग ओघळला, म्हणून सगळा भाग गोल सारवून टाकला, चांगला परातीएवढा. मग दोर कुठे बांधायचा ते कळावं म्हणून त्या गोलात पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके दिले. लांब जाऊन बघितलं. मला फार समाधान वाटलं.

वाचकहो, तुम्हाला कळलंय. मला चार दिवसांनी कळलं.

गुरुवारी झेंडूची माळ आली. शुक्रवारी नारळ. शनिवारी सकाळी सर मागच्या गॅलरीत उभे राहून मला नुसतं "ये" म्हणाले. खाली सुबाभळीच्या बुंध्यावरून दोन पांढरे डोळे आमच्याकडे बघत होते, पुढे उदबत्त्यांचा धूर, आणि तळमजल्यावरच्या सावंतकाकी पदर खोचून विटांचा कट्टा रचत होत्या.

"काकी, हे काय?" मी वरूनच ओरडलो.

"काय म्हणजे? देव इलो हा. माझो गुडघो बघ, सूज तीन दिवसांत उतरली."

"अहो, तो रंग मी दिलाय!"

"तुझ्याकडसून देवान देऊन घेतल्यान," काकी म्हणाल्या. "तू स्वतः होऊन कधी खयचा काम केलंस?"

मी गॅलरीतून आत सरकलो.

सोमवारी तोडणारी माणसं आली, करवत खाली ठेवली, चपला काढल्या, पाया पडली आणि गेली. मुकादम जाताना मला म्हणाला, "साहेब, देवावर करवत नाही चालवणार. परवानगी पालिकेची हाय, त्याची कुठं हाय?"

सर माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. ते पोटमाळ्याच्या शिडीखाली येऊन उभे राहिले आणि चक्क खुशीत होते. "मुकादम बरोबर बोलला," ते म्हणाले. "रोममध्ये हेच. देवराईतलं झाड तोडायचं तर आधी तिथे जो कोण राहतो त्याची परवानगी. एका देवळाच्या छपरावर अंजिराचं झाड उगवलं, तर ते काढायला पुजाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या देवतांना हाक मारली. एक खाली उतरवणारी, एक तुकडे करणारी, एक जाळणारी. खातेनिहाय! चल सावंतांकडे."

सावंतकाका गिरणीतून निवृत्त झालेले, आवाज अजून सायरनसारखा. कोकणातल्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलण्याचा, मान त्यांच्या घरात. पण पेच वेगळाच निघाला. झाडातला हा देव की देवी, ह्यावरून चाळीत दोन तट पडले होते. एका तटाने झाडाला फेटा बांधला होता, दुसऱ्याने खणानारळाने ओटी भरली होती, आणि चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुड मॉर्निंगसुद्धा थांबलं होतं.

"नाव ठावक नाय तर गाऱ्हाणा घालू कसा?" काका म्हणाले.

सरांनी पुस्तक उघडलं. रोमनांची सोय तयार होती. देव अनोळखी असला तर अर्जात लिहायचं, तू देव असशील वा देवी असशील, ज्याची ही जागा त्याने ऐकावं. काकांनी ते ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "ह्या तर आमच्या आज्याचाच गाऱ्हाणा. त्याचो वकील होतो काय ह्यो?"

"पण त्याबदल्यात डुक्कर द्यावं लागतं," सर वाचत म्हणाले.

"शी! डुकराचा नाव काढू नका माझ्या घरात," काकी म्हणाल्या. "कोंबडो चलात."

कोंबडा हे ऐकून सरांचा चेहरा उजळला. कारण परवानगी मिळाली की नाही हे ओळखायचं कसं, हाही प्रश्न होता. कौल लावायचा तर तो गावच्या देवळात, गावच्या गुरवाने. सुबाभळीला कुठला गुरव? पण रोमनांकडे कोंबड्या होत्या. लढाईआधी पवित्र कोंबड्यांपुढे दाणे टाकायचे. हावरटासारख्या खाल्ल्या तर देव राजी. नाही खाल्ल्या तर घरी जा. एका सेनापतीने वैतागून न खाणाऱ्या कोंबड्या समुद्रात फेकल्या आणि मग लढाई सपाटून हरला. "म्हणून," सर माझ्याकडे वळून म्हणाले, "शहाणे लोक कोंबडी आधी उपाशी ठेवायचे. शनिवारी दुपारी कोंबडा येईल. रविवारी सकाळपर्यंत त्याला तुझ्याकडे ठेव. पाणी दे. दाणा नाही. एवढं जमेल?"

मी म्हटलं, ह्यात न जमण्यासारखं काय आहे?

कोंबडा तांबडा होता, तुरा एका बाजूला कललेला. मी त्याला पोटमाळ्यावर टोपलीखाली ठेवला. त्याने टोपलीच्या भोकातून माझ्याकडे एक डोळा लावला आणि तो काही काढेना. मी चहा-पाव खात होतो. तुम्ही कधी कुणाच्या नजरेसमोर पाव खाल्लाय? मी एक तुकडा टाकला. मग दुसरा. मग म्हटलं, चहात बुडवलेला बघू. असे दोन पाव त्याच्या पोटात गेल्यावर तो डोळा मिटून बसला आणि मला वाटलं, बिचारा सकाळपर्यंत पचवेल.

रविवारी सगळी चाळ रानात. काका डोक्याला टॉवेल गुंडाळून झाडापुढे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! देव असशीत, देवी असशीत, बापयो असशीत, बायलमाणूस असशीत..."

"व्हय म्हाराजा!" चाळ एका आवाजात.

"मेक्सिकोसून इलंस, आमच्या भितीक टेकलंस, तुझो मान तुका दिलो. आता ह्या सुरंगेच्या डोक्यारचो हात काढ म्हाराजा! उतरवणारे, तोडणारे, जाळणारे, तुमी तिघी भैणी ह्येच्या पाठी उभी ऱ्हवा! काय चुकला माकला पोटात घाला!"

"व्हय म्हाराजा!"

मी सरांकडे बघितलं. गणपतीला कधी हात न जोडणारा माणूस ओठातल्या ओठात व्हय म्हाराजा म्हणत होता. टोपली उचलली. काकींनी तांदूळ टाकले. कोंबड्याने तांदळाकडे बघितलं, चाळीकडे बघितलं, अंग फुलवलं, आणि माझ्या पायाशी येऊन आरामात बसला.

मग काकी पुढे झाल्या आणि मोठ्या आदराने सरांना म्हणाल्या, "नको म्हणता हा तो. ऱ्हवांदे सर." परवानगीचे नऊ दिवस उरले होते.

सर वर आले, मागची खिडकी, जिच्यातून रान दिसायचं ती, लावून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. रोम बंद. जेवताना मिरचीचं गाव निघालं नाही. सोमवारी सकाळी रांगेत त्यांनी क्लोआकिनेला नमस्कार केला नाही आणि मला घाई असूनही ते पाहवलं नाही. मंगळवारी मी शिडीवर बसून, वरच्या पायरीवरून, म्हणजे हात पोचणार नाही अशा अंतरावरून, सांगून टाकलं.

"सर, मी त्याला पाव घातला होता."

मग त्यांनी मान वळवली. "किती?"

"दोन. चहातून."

"दोष!" सर उठून उभेच राहिले. "अरे, विधीत दोष! रोममध्ये एक शब्द चुकला, एक बासरीवाला मध्येच थांबला तरी अख्खा विधी रद्द आणि पहिल्यापासून पुन्हा! एकेक विधी चार चार वेळा केलाय त्यांनी! आत्ताच्या आत्ता खाली जा आणि हे चाळीला सांग."

"तुम्ही सांगा ना."

"दोष ज्याचा, त्याने उच्चारायचा."

संध्याकाळी काकींच्या ओट्यापुढे पन्नास माणसं आणि मी. मी सांगितलं. मला वाटलं होतं, लोक हसतील. आधी कुणी हसलंच नाही. काका म्हणाले, "म्हणजे देवापुढे आमका खोट्यात उभा केलंस?" आणि त्यांचा आवाज सायरनसारखा नव्हता, साधा होता, त्याचं मला जास्त लागलं. मी म्हटलं, "काका, देवाने नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं. आणि तिकडे वर एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसलाय, त्याला एकदा फूल बघायचंय. पुन्हा विचारू या. खरंच नको म्हणाला तर मी स्वतः कट्ट्याला टाइल्स लावून देईन."

काकींनी माझ्याकडे नीट बघितलं. "ह्या टायमाक कोंबडो माझ्याकडे ऱ्हवात," त्या म्हणाल्या. तेव्हा कुठे मागून कुणीतरी "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि मग सगळे हसले. त्या दिवसापासून त्या चाळीत माझं नाव पाववाला आहे. माझ्या लग्नाच्या आहेरावरही तेच होतं.

पुढच्या रविवारी कोंबडा तांदळावर असा तुटून पडला की काकींनी हात मागे घेतला. सोमवारी सुबाभूळ उतरली. कोंबड्याचं त्याच रविवारी वडे-सागुती झालं. मी त्याच्याशी असलेल्या संबंधांमुळे रडत रडत पाच वडे खाल्ले.

पण सुबाभूळ तोडून मरत नाही. पंधरा दिवसांत बुंध्याला चहूकडून फुटवे. सरांनी छाटले, पुन्हा आले. शेवटी काकींनीच निकाल लावला. देव गेला असला तरी त्याची जागा आहे, ती उघडी कशी ठेवायची? त्यांनी बुंध्यावर सिमेंट घालून, टाइल्स बसवून घुमटी बांधून घेतली. टाइल्स मीच बसवल्या. खाली अंधार झाला आणि फुटवे कायमचे थांबले. सर महिनाभर रोज भिंग घेऊन टाइलच्या फटी तपासत होते. मग म्हणाले, "इतकी वर्षं शिकवली बॉटनी. परदेशी झाड मारायचा खात्रीचा उपाय एकच निघाला. त्याचं मंदिर बांधा."

सुरंगी त्या फेब्रुवारीत फुलली नाही. पुढच्याही नाही. फक्त उंच झाली. मी लग्न करून दादरला राहायला गेलो. तिसऱ्या वर्षी सकाळी काकींचा फोन आला. "पाववाल्या, बेगीन ये. सर उठनत नाय."

मी टॅक्सीत कसा बसलो आणि काय काय विचार केले, ते लिहिण्यासारखं नाही. धावत रानात गेलो. सर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, सुरंगीच्या खाली, पहाटेपासून, आणि खरंच उठत नव्हते. फांद्यांना चिकटून, जुन्या लाकडावर, पिवळ्या केसरांची पांढरी फुलं दाटून आली होती. मधमाश्यांचा आवाज गिरणीतला एखादा साचा चालू असावा तसा. वास आधी गोड वाटला, मग नुसता वास राहिला नाही, सगळी हवाच तशी झाली. चाळीतल्या बायका जमल्या होत्या, पण वेण्या करायला कुणी हात पुढे केला नव्हता. सगळ्या सरांची वाट बघत होत्या.

मी जवळ जाऊन उकिडवा बसलो. त्यांनी खाली पडलेलं एक फूल उचललं, भिंगाखाली धरलं, खूप वेळ बघितलं, डोळे पुसले, पुन्हा बघितलं.

"नर आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे नुसती फुलं. फळ नाही, बी नाही. ह्याला जोडीण पाहिजे." मग बायकांकडे बघून, "काढा हो, काय बघताय? वेण्या करा." आणि पुन्हा माझ्याकडे, "गॅलरीत तीन रोपं तयार आहेत माझी. आधी नर की मादी ते कळत नाही, फुलल्यावरच कळतं. तिघांत एखादी तरी निघेल."

"किती वर्षं लागतात फुलायला?"

"बारा. पंधरा." वय वर्षं पंचाहत्तर, खुर्चीतून उठायला त्यांना माझा खांदा लागला. ऑफिसच्या शर्टाच्या बाह्या सरसावून मी रोपांसाठी खड्डे खणायला कुदळ घेतली. चार घाव घालून दम खायला थांबलो तर त्यांनी काठी आपटली.

"हात चालव," ते म्हणाले. "माझ्याकडे इतका वेळ नाही."